घेराचा चौथा हिस्सा

आमचं तळोद्याचं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर या मे महिन्यात उतरवलं. भावाला स्लॅब टाकायचा आहे आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. दर पावसाळ्याआधी धाब्यावर खारी माती चढवायला आता माणूस मिळत नाही, आणि मिळाला तरी किलचणीत, म्हणजे मातीखालच्या काटक्यांच्या थरात, वाळवी शिरल्यावर ती माती किती दिवस टिकणार? तर माती उतरली, किलचण उतरली, कड्या उतरल्या, आणि शेवटी बैठकीवरच्या दोन सागाच्या तुळया चार माणसांनी दोर लावून खाली घेतल्या. मी तेव्हा ओसरीत भांड्यांची पोती बांधत होते. तुळई अंगणात टेकली तशी पायाखालची जमीन हलली. जन्मापासून डोक्यावर पाहिलेली गोष्ट पहिल्यांदाच गुडघ्याच्या उंचीवर आली होती. मी जाऊन तिच्या टोकाशी बसले. इतकी वर्षं भिंतीत दडलेलं ते टोक, त्यावर मातीचा थर. पदरानं पुसला तर खाली एक गोल ठसा दिसला, रुपयाहून थोडा मोठा. आत दोन अक्षरं आणि खाली एक आकडा, त्यातला पहिला अंक चिरेत गेलेला. नीट दिसेना म्हणून चष्मा आणायला आत गेले. परत आले तेवढ्यात मिस्त्रीनं मशीनचा रंधा त्या टोकावरून फिरवून टाकला होता. मातीही गेली, ठसाही गेला. मधाच्या रंगाचं कोवळं लाकूड उघडं पडलं होतं आणि अंगणभर सागाचा तो तेलकट, जुन्या चामड्यासारखा वास सुटला होता.

“डाग व्हता ताई, निंघी गया,” तो म्हणाला. विशीतला मुलगा, कामाला नेटका. मालकिणीला आवडेल म्हणून त्यानं टोक आधी साफ केलं होतं.

मला त्याला काही सांगता आलं नाही.

तो डाग नव्हता, तो हॅमर होता. जंगलखात्याचा लोखंडी हातोडा असतो, त्याच्या तोंडावर उलटी अक्षरं कोरलेली असतात. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर एक घाव घातला की अक्षरं सुलटी उमटतात. हॅमर पडला की लाकूड पास. त्याशिवाय गाडी नाक्यावरून पुढं सरकत नाही. मोठेपणी एकदा मी १९२७ चा वन कायदा मुद्दाम वाचून काढला, तेव्हा त्यात लाकडाची व्याख्या सापडली. पडलेली किंवा पाडलेली झाडं, आणि कापलेलं, घडवलेलं, पोखरलेलं असो वा नसो, असं सगळं लाकूड. पुढे त्रेसष्टाव्या कलमात लिहिलं आहे की नुकसान करण्याच्या किंवा गैर फायद्याच्या हेतूनं लाकडावरची सरकारी खूण बनावट करणाऱ्याला किंवा खोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद. आमच्या मिस्त्रीच्या मनात हेतू तर सोडाच, खूण नावाची गोष्टही नव्हती. आणि मला वाटत राहिलं की हे त्याच्यापर्यंत पोचलं नाही ते माझ्यामुळे. मला हॅमर ठाऊक होता. तो ज्या गावानं मला दाखवला ते गावही ठाऊक होतं. भाच्यांना मी आजवर यातलं एक अक्षर सांगितलेलं नव्हतं.

ते गाव म्हणजे डेपो. सरकारी कागदावर त्याला स्वतंत्र नाव नाही. मतदार यादीत ते शेजारच्या मोठ्या गावात धरलं जातं. तळोद्याहून उत्तरेला निघालं की शेतं संपता संपता सातपुड्याची पहिली सोंड खाली उतरते. तिथं जंगलातून आलेली गाडीवाट सडकेला मिळते, त्या तिठ्यावर ते वसलं. आधी तिथं काही नव्हतं, एक ओहोळ आणि एक आंबा. गाड्या डोंगरातून उतरायच्या, बैलांना पाणी लागायचं, म्हणून त्या थांबायच्या. गाड्या थांबतात म्हणून तिथं नाका झाला. नाका झाला म्हणून पास होईपर्यंत माल उतरवून ठेवायला जागा साफ केली गेली, ती जागा म्हणजे डेपो. मालाला राखण लागली, राखणदाराला घर, मजुरांना झोपड्या, गाडीवानांना चहा, आणि गाडीचा आरा मोडला तर बसवायला एक सुतार. माझ्या आठवणीत ती वीस-बावीस घरं आहेत. भिल्लांची जास्त, दोन घरं पावऱ्यांची, वरच्या धडगाव भागातून उतरलेली. एक करवत चालवणाऱ्या मियाँचं, एक सुताराचं, आणि गार्डाची कौलारू चौकी. झाडं सोडली तर त्या गावाला दुसरं कारण नव्हतं.

आमचे आप्पा तळोद्यातल्या एका वखारीचे दिवाणजी. डेपोत थप्प्या मोजायच्या, वही लिहायची आणि शनिवारी मजुरी वाटायची, हे त्यांचं काम. रविवारी हिशोब राहिला असेल तर ते सायकलच्या दांडीवर मला बसवून न्यायचे. दांडीला टॉवेल गुंडाळलेला असे तरी उतरल्यावर मांड्यांवर वळ उठलेले असायचे. वाटेत माघ-फाल्गुनात सागाची पानं गळून पडलेली. ती मऊ पडत नाहीत, कडक पडतात, आणि वारा आला की रस्त्यावरून खरखरत पुढे पळतात. मला वाटायचं कुणीतरी मागून चालत येतंय. पावसाळ्यात त्याच झाडाचं कोवळं पान आप्पा तळहातावर चोळायला सांगायचे. हात लाल व्हायचा, रक्तासारखा. शाळेतल्या मैत्रिणींना घाबरवायला मी तो रंग घरापर्यंत सांभाळून आणत असे.

तळोदा आणि लाकूड हे नातं आप्पांच्याही फार आधीचं. जुन्या इंग्रजी गॅझेटियरांत तळोद्याची ओळखच मुळी खानदेशातली मुख्य लाकूडपेठ अशी आहे, आणि खानदेशातल्या सगळ्यांत उत्तम बैलगाड्या इथं बनतात अशीही. ते वाचलं तेव्हा मला डेपोतल्या सुताराचे हात आठवले. गाडी नुसत्या सागाची होत नाही. चाकाच्या तुंब्याला बाभूळ हवी, जूला हलकं लाकूड हवं, आसासाठी धावडा, दांड्यांना तिवस, आणि जिथं लोखंडानंही हार मानावी तिथं अंजन. अंजनाचा ओंडका आला की मियाँ करवतीकडे पाहून कपाळाला हात लावायचे, कारण एका ओंडक्यात दात बोथट होत. त्याच गॅझेटियरांत तळोद्याच्या रोशा तेलाचाही उल्लेख आहे. सातपुड्याच्या उतारावरचं रोशा गवत भट्टीवर चढवून काढलेलं ते तेल मुंबईच्या बंदरातून थेट तुर्कस्तानापर्यंत जायचं आणि तिथं गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं. म्हणजे आमच्या डोंगरातलं गवत इस्तंबूलच्या गुलाबात गेलं, साग खानदेशभरच्या वाड्यांत गेला, आणि डोंगरातली माणसं कुडाच्या भिंती सारवत डोंगरातच राहिली. विषयांतर झालं खरं, पण तळोद्याच्या जुन्या गल्लीतून जाताना कुठल्याही वाड्याची नक्षीदार चौकट दिसली की हे मनात येतंच.

लहानपणी मला ‘कूप’ हा शब्द फार छळायचा. मराठीच्या पुस्तकात कूपमंडूक होता, म्हणजे विहिरीतला बेडूक. आणि डेपोत सगळे म्हणायचे, “तो कुपात गेलाय.” सोमा कुपात, त्याचा बाप कुपात, अख्खी वस्ती दिवाळीनंतर कुपात. मला खरंच वाटे की डोंगरात एक प्रचंड विहीर आहे, दर हिवाळ्यात ही माणसं तिच्यात उतरतात आणि होळीला वर येतात. पुढे कळलं की जंगलाचे नंबर टाकून पाडलेले तुकडे म्हणजे कूप, दरवर्षी पाळीनं एकेक तोडायचा. शब्द परदेशातून साहेबांबरोबर आला आणि भिल्लांच्या तोंडी घरचा झाला. पण माझी ती विहीर मनातून गेली नाही. होळीच्या आधी माणसं खरोखरच वर आल्यासारखी परतायची. काळवंडलेली, दाढ्या वाढलेली, तळहातांवर घट्टे. मग मजुरी घेऊन बाजार करायचा आणि काठी गावच्या होळीला निघायचं. त्या आठवड्यात डेपोत एक माणूस दिसत नसे. नुसत्या थप्प्या आणि थप्प्यांच्या फटीतून पळणारे सरडे.

हे सगळं कसं सुरू झालं त्याचा इतिहास मोठा आहे आणि तो आपण शाळेत शिकतो तसा राजांचा नाही. १८२५ मध्ये औट्रम नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं धरणगावला भिल्ल कोअर उभी केली. जे डोंगरातून खाली येऊन लढत होते त्यांनाच गणवेश चढवला. डोंगर शांत झाल्यावर डोंगरातल्या झाडांची मोजदाद सुरू झाली. १८६४ साली जंगलखातं आलं, १८६५ आणि १८७८ चे कायदे आले, रेल्वेला लाकूड हवं होतं, आणि ज्या रानात आजोबा कुऱ्हाड खांद्यावर टाकून जायचा त्याच रानात नातू मजूर म्हणून जाऊ लागला. काही वस्त्या तर खात्यानं स्वतःच जंगलात वसवल्या. जमिनीचा तुकडा कसायचा आणि बदल्यात खात्याच्या कामाला हजर राहायचं. त्याला कुणी नोकरी म्हणत नसे, वेठच म्हणत. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ ला, बाळासाहेब खेर मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री असताना जंगल कामगारांच्या सहकारी सोसायट्या निघाल्या. मधला ठेकेदार जावा आणि कूप तोडणाऱ्यांच्याच सोसायटीला मिळावं, अशी ती कल्पना होती. कल्पना चांगली होती, आजही मला ती चांगलीच वाटते. पण आमच्या डेपोत मी जे पाहिलं त्यात ठेकेदार होता, त्याची उचल होती, आणि उचल फेडायला पुढचा हिवाळा होता. आणि त्या सगळ्याची वही ज्या हातात होती तो हात माझ्या बापाचा होता.

आता मोजणीचं सांगते, कारण खरं सलणारं तिथंच आहे.

मी आठ वर्षांची असताना आप्पांनी मला ओंडका मोजायला शिकवलं. चामड्याच्या गोल डबीतली कापडी फीत, पितळी दांडी फिरवली की आत जाणारी. ओंडक्याच्या मध्यावर फीत गुंडाळायची, घेर घ्यायचा. “घेराचा चौथा हिस्सा, त्याला त्यानंच गुणायचं, मग लांबीनं गुणायचं,” ते सांगायचे, आणि पाढ्यासारखं ते पाठ झालं. चार फूट घेर, चौथा हिस्सा एक फूट, एक गुणिले एक, लांबी दहा फूट, म्हणजे दहा घनफूट. मी जोरात सांगायची, आप्पा वहीत लिहायचे, मजूर ओंडक्यावर गेरूनं आकडा काढायचा. आपण कामाचं काहीतरी करतोय याचा मला इतका अभिमान असे की चहावाल्या काकूनं दिलेली गोळी मी आठवड्याच्या पगारासारखी घ्यायची.

पुढे आठवीत वर्तुळाचं क्षेत्रफळ आलं. गुरुजींनी ‘पाय’ (π) वापरून ते काढायला शिकवलं आणि मी घरी येऊन तोच ओंडका पुन्हा मांडला. चार फूट घेर, दहा फूट लांबी. उत्तर दहा येईना. पावणेतेराच्या आसपास येई. तीनदा केलं, तरी तेच. रात्री आप्पा जेवायला बसल्यावर वही पुढे धरली. त्यांनी ती पाहिली, घास गिळला आणि म्हणाले, “बरोबर आहे तुझं. वरचं सालीत नि फळकटांत जातं. गोल लाकडातून चौकोनी तुळई काढायची तर कडेचं वाया जातंच. म्हणून धंद्यात ते धरत नाहीत.” मला पटलं. गणित सुटल्याच्या आनंदात मी झोपून गेले.

किती वर्षांनी सुचावं? पन्नाशी ओलांडल्यावर, एका रात्री, काहीच कारण नसताना. करवतीसाठी तो हिशोब रास्त आहे. घेणाऱ्याला चौकोनी लाकूड मिळतं, तो चौकोनी लाकडाचे पैसे देतो. पण डेपोत मजुरीही घनफुटावर होती, आणि कुऱ्हाडीला अख्खा घेर तोडावा लागतो. साल, फळकट, गाभा, सगळं. शंभर घनफूट लाकूड तोडलं, ओढलं, गाडीवर चढवलं, की त्यातलं साडेएकवीस वहीत येतच नव्हतं. पाच ओंडक्यांतला एक फुकट. कुणी चोरी केली नाही. लाकडाच्या धंद्यात असंच मोजत आले आहेत. आप्पांनी आयुष्यात एक आकडा खोटा लिहिला नाही, हे मी कुणाच्याही शपथेवर सांगेन. आणि तरीही त्यांच्या पगारातून माझी फी गेली, बैठकीवर त्या दोन तुळया चढल्या, आणि आठ वर्षांची मी फीत धरून मोठ्यानं आकडे ओरडत उभी होते. रंध्याखाली तो ठसा गेला तेव्हा छातीत जे लागलं त्यात हेही होतं.

डेपोचं शेवटचं मोठं सुख म्हणजे आरा मशीन. ती कधी आली ते आठवत नाही, पण तिचा आवाज आठवतो. आधी इंजिनाची धापा, मग पट्टा चढल्याचा फटकारा, आणि मग लाकडात शिरणारं पातं, बारीक, उंच, कानात कुसळ गेल्यासारखं. त्या आवाजानं मियाँचा हातकरवतीचा खड्डा बंद पडला. त्यांनी मशीनवर नोकरी धरली आणि वर्षभरात त्यांना कमी ऐकू यायला लागलं. मशीनखाली भुशाचे ढीग पडायचे, सागाचा सोनेरी, खैराचा तांबूस. तो भुसा आमच्या घरी पोत्यानं यायचा. भुशाची शेगडी ज्यांनी पेटवली असेल त्यांनाच ती मौज कळेल. मधे बाटली उभी धरायची, भोवती भुसा ठासून भरायचा, बाटली अलगद फिरवत काढायची आणि त्या बोगद्यात खालून काडी लावायची. दोन-तीन तास धूर न होता धगधगत राहते. माय त्यावर सकाळचं पाणी तापवी, मग डाळ चढवी, मग निखाऱ्यावर भरताचं वांगं ठेवी. सागाच्या भुशावर भाजलेल्या वांग्याला एक वास असतो. तो मला नंतर कुठेच मिळाला नाही.

मग एकेक करून सगळं उठलं. १९९० मध्ये तळोद्याच्या राखीव जंगलातली २,७०० हेक्टर जमीन सरदार सरोवराच्या विस्थापितांसाठी मोकळी झाली. नर्मदेकाठची महाराष्ट्रातली तेहतीस गावं धरणाच्या पाण्याखाली जाणार होती, ती माणसं सोमावळच्या बाजूला आणून वसवली. ज्यांचं जंगल बुडत होतं त्यांना जमीन देण्यासाठी दुसरं जंगल तोडलं गेलं. त्या तोडीचं लाकूड डेपोसमोरच्या सडकेवरून महिनोन्‌महिने जात राहिलं. त्यावर काय म्हणावं ते मला आजही सुचत नाही. त्या माणसांना घर हवंच होतं. पुढे डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा गोदावर्मन खटल्यातला आदेश आला, मंजूर आराखड्याशिवाय जंगलतोड बंद झाली, आरा मशिनींची तपासणी सुरू झाली. आमच्या डेपोची मशीन थांबली ती पुन्हा सुरू झालीच नाही. त्या बातमीनं मला आनंदच झाला होता. तेव्हा मी नाशिकला, पर्यावरणावर कळकळीनं बोलणाऱ्या माणसांत. सातपुडा वाचला असंच वाटलं, आणि जेवढा वाचला तेवढा वाचलाही. पण डेपोतल्या बावीस घरांनी त्या हिवाळ्यात काय खाल्लं हे मी आप्पांना विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. पुढच्या वर्षापासून तिथली माणसं दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जाऊ लागली, एवढंच कानावर आलं. हंगाम तोच होता, हातातली कुऱ्हाड जाऊन कोयता आला होता.

रंध्याच्या त्या प्रसंगानंतर चार दिवस मला चैन पडेना. पाचव्या दिवशी एस.टी. धरली. कंडक्टरला म्हटलं, “एक डेपो.” तो म्हणाला, “कुठला डेपो बाई? अक्कलकुव्याचा?” नाक्याच्या पुढे, आंब्याखाली, म्हणून सांगितलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं. “ते मशीनमध्ये नाही. पुढल्या गावाचं तिकीट घ्यावं लागेल.” मी घेतलं. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, आम्हीपण नेहमी पुढल्या गावाचंच काढतो.

आंबा आहे. नाक्याचा लोखंडी दांडा गेलाय, खांब राहिलाय. थप्प्यांच्या जागी मका. मशीनचा सिमेंटचा चौथरा तेवढा शिल्लक आहे, त्यावर मिरच्या वाळत घातल्या होत्या. घरं चाळीसेक झालीत, घरकुलाची, निळ्या-गुलाबी रंगाची, वर पत्रा, दाराला लोखंडी चौकट. एका ओट्यावर सोमाची बायको बसली होती. सोमा जाऊन दहा वर्षं झाली. मी ओळख सांगितल्यावर तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मग म्हणाली, “फीतवाली पोर.” मला ओट्यावर बसवून तिनं सुनेला चहा टाकायला सांगितलं. रुमालात बांधून आणलेला रंध्याचा भुगा मी तिच्यापुढे धरला. कशासाठी आणला होता ते माझं मलाही माहीत नव्हतं. तिनं नाकाशी नेला, मान हलवली आणि परत दिला.

मी तिला मोजणीचं सांगितलं. कसंबसं, हातवारे करून. पाच ओंडक्यांतला एक वहीत येत नसे, आणि ती फीत मी धरायचे. मला वाटलं होतं तिला धक्का बसेल. ती हसली. “मना माणूस दोरीले गाठी मारे,” ती म्हणाली. सोमा कुपात प्रत्येक झाडाला दोरी गुंडाळायचा, गाठ मारायचा, आणि शनिवारी वहीतला आकडा आपल्या गाठींशी लावून पाहायचा. कमी भरतं हे त्याला पहिल्या हिवाळ्यातच कळलं होतं. मग तो काय करायचा? शेंड्याकडचं लाकूड, फळकटं, ढलप्या, बायकांच्या डोक्यावरून रोज संध्याकाळी खाली यायच्या. नियमानं ते सरकारी. एक मोळी नाक्यावर धरली तर दंड. “तुना बापले सम्दं माहीत व्हतं,” ती म्हणाली. “आमना भारा दिसना का तो वही बंद करी दे, नि चहा पेवाले जाये.”

आणि मला ते दिसलं. आप्पांचा संध्याकाळचा चहा. दिवस कलताना ते वही मिटायचे, फीत डबीत गुंडाळायचे, चष्मा काढून खिशात ठेवायचे आणि सडकेकडे पाठ करून टपरीवर बसायचे. मी शेजारी पाय हलवत बसलेली. मागून बायकांच्या चांदीच्या वाळ्यांचा आवाज जायचा, भराभर, एका ओळीत. मी वळून पाहायला लागले की ते म्हणायचे, “चहा निवतोय.” माझ्या पुढ्यात चहा नसायचाच, मला गोळी असे. इतकी वर्षं मी हे वाक्य त्यांच्या वेंधळेपणात जमा केलं होतं. रोज संध्याकाळी किती मोळ्या गेल्या? साडेएकवीस भरले का? ते त्यांनी कुठेच लिहिलं नाही, आणि मोळीनं उचल फिटत नाही हेही खरं. गार्डाची नजर चुकवून बाईनं डोक्यावरून आणायचं लाकूड आणि पुरुषाच्या हक्काची मजुरी, यांची बेरीज होते का?

“ती दोरी आहे का अजून?” मी विचारलं.

“बैल बांधाले गई,” ती म्हणाली. चहा आला.

परत आले तेव्हा मिस्त्री पहिल्या तुळईच्या फळ्या पाडून दाराच्या चौकटी जुळवत होता. दुसरी तुळई भिंतीशी तशीच पडली होती. मी तिचं भिंतीतलं टोक ओल्या फडक्यानं पुसलं. ठसा होता. अक्षरं पहिल्यासारखीच, आकडा मात्र पूर्ण, आणि शेजारी गेरूचा एक ओघळ, अर्धा पुसलेला, आप्पांच्या वहीतल्या अंकासारख्या वळणाचा. मिस्त्रीला बोलावून सगळं सांगितलं. हॅमर म्हणजे काय, नाका कुठं होता, फीत कशी धरायची. तो खाली बसून ऐकत होता, मधेच त्यानं ठशाच्या कडेवरून नख फिरवलं. मग म्हणाला, त्याचा आजोबा डेपोतच गाड्यांची चाकं भरायचा, असं घरी बोलतात. डेपो म्हणजे एस.टी.चा असं त्याला आजवर वाटत होतं.

ही तुळई चिरायची नाही, ओट्यावर बाक म्हणून ठेवायची, असं ठरलं. कुठलं टोक भिंतीकडे, त्यानं विचारलं. मी सांगितलं. तेव्हा त्यानं कानामागची पेन्सिल काढली, टोक पालथं पडू नये म्हणून ठशाच्या शेजारी एक बाण काढला, आणि बाणाखाली आपला आकडा घातला.